खोडलेलं समीकरण आणि उतारावरचा ठोकळा

गुहागरकडे नववी ते अकरावीला विज्ञान शिकवणाऱ्या एका नव्या सरांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याचं उदाहरण त्यांनी फळ्यावर सोडवून दाखवलं. वजनाचे दोन घटक केले, एक उताराच्या दिशेने आणि एक उताराला लंब, आणि ‘लंब प्रतिक्रिया = वजन × कॉस थीटा’ असं लिहिलं (लंब प्रतिक्रिया म्हणजे उताराने ठोकळ्याला लंब दिशेने दिलेला रेटा, थीटा म्हणजे उताराचा कोन). चाचणीत एका मुलीने वजनाला हात न लावता लंब प्रतिक्रियेचेच घटक केले, एक उभा, एक आडवा. तिने लिहिलं, ‘लंब प्रतिक्रिया × कॉस थीटा = वजन.’ सरांनी काट मारली. ती म्हणाली, ‘सर, विभाजन कुठल्याही बलाचं करता येतं असं तुम्हीच सांगितलंत, मग माझं चूक कसं?’ सरांना तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. शिवाय निम्म्या वर्गाला साइन कुठे आणि कॉस कुठे हेच उमगत नाही, तेव्हा हा सगळा भाग शिकवावा कसा, असं त्यांनी विचारलं आहे.

मी सिंधुदुर्गात, समुद्राला लागून असलेल्या एका शाळेत 28 वर्षं विज्ञान शिकवते आहे. त्यातली अलीकडची 15 वर्षं अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्रही माझ्याकडे आहे. सर, तुमचे प्रश्न दोन असले तरी माझ्या मते दुखणं एकच आहे. बलाचं विभाजन आपण मुलांना कृती म्हणून शिकवतो. बाण काढा, कोन लिहा, आडव्याला कॉस, उभ्याला साइन, आकडे घाला. हे सगळं कशासाठी चाललंय ते राहूनच जातं, आणि समतोल हा विषय आपण नंतर, वेगळा म्हणून घेतो. खरं तर विभाजनाला अर्थ येतो तो समतोलामुळे. एखाद्या दिशेने वस्तूच्या गतीत बदल होत नाहीये हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्या दिशेने सगळ्या बलांचा हिशोब शून्यावर आला पाहिजे. हिशोब कुठल्या दिशेने मांडायचा हे आपल्या हातात आहे. तो शून्यावर येणार की नाही, हे मात्र ती वस्तू काय करते आहे त्यावर ठरतं. तुमच्या विद्यार्थिनीचं पाऊल घसरलं ते नेमकं इथे.

आधी तिचं उत्तर देते, शिकवण्याचं मग.

ठोकळा 10 न्यूटन वजनाचा, उतार 30 अंशांचा, घर्षण अजिबात नाही असं धरा. तुमच्या समीकरणाने लंब प्रतिक्रिया 8.66 न्यूटन येते. तिच्या समीकरणाने 10 भागिले 0.866, म्हणजे 11.55. एकाच ठोकळ्याला ही दोन्ही उत्तरं खरी असणं शक्य नाही. आता 8.66 बरोबर मानून त्याचा उभा घटक काढा. 8.66 × 0.866 = 7.5. खाली ओढणारं वजन 10, वर ढकलणारा घटक 7.5. अडीच न्यूटन शिल्लक राहतात. ते राहणारच, कारण घर्षण नसलेल्या उतारावर ठोकळा थांबलेलाच नाही. तो घसरतोय, आणि घसरताना जसा पुढे सरकतो तसा खालीही जातो, वाढत्या वेगाने. उताराच्या दिशेचं त्याचं त्वरण गुरुत्व त्वरणाच्या निम्मं आहे. त्या त्वरणाचा उभा घटक आणखी निम्मा, म्हणजे गुरुत्व त्वरणाचा एक चतुर्थांश. 10 न्यूटन वजनाच्या ठोकळ्याला एवढं त्वरण द्यायला बल लागतं 10 चा एक चतुर्थांश, म्हणजे अडीच न्यूटन. शिल्लक राहिलेले ते हेच.

म्हणजे तिने केलेलं विभाजन अचूक होतं. चुकलं ते फक्त शेवटचं ‘= वजन’. उभ्या दिशेने समतोल आहे असं ती धरून चालली, आणि तो तिथे नव्हता. उताराला लंब दिशेने मात्र ठोकळा फळीत घुसत नाही आणि फळी सोडून उडतही नाही. त्या दिशेने समतोल आहे, म्हणून तुमचं समीकरण टिकतं.

आता त्याच फळीवर घर्षण आणा आणि ठोकळा स्थिर राहू द्या. लंब प्रतिक्रिया 8.66 च राहते, आणि घर्षण उताराच्या वरच्या दिशेने 5 न्यूटन. उभ्या दिशेचा हिशोब मांडा: लंब प्रतिक्रियेचे 7.5 आणि घर्षणाचे 2.5, बेरीज 10. आडव्या दिशेने लंब प्रतिक्रियेचे 4.33 एका बाजूला आणि घर्षणाचे 4.33 दुसऱ्या बाजूला. दोन्ही हिशोब शून्यावर. उभ्या-आडव्या दिशा निवडल्या तरी काही बिघडलं नाही, फक्त घर्षण मोजायला विसरायचं नाही. मग आपण उताराच्या दिशा का निवडतो? कमी बलं तोडावी लागतात म्हणून. उताराच्या दिशा घेतल्या तर एकट्या वजनाचे घटक करावे लागतात, उभ्या-आडव्या घेतल्या तर लंब प्रतिक्रिया आणि घर्षण या दोघांचे. निवड सोयीची आहे, नियमाची नाही. हा हिशोब मी दर वर्षी मुलांकडून दोन्ही वाटांनी करून घेते. पूर्ण तास जातो त्यात, जाऊ द्यावा. वेगळ्या वाटेने जाऊन तोच आकडा हाती आला की दिशा आपण निवडायच्या असतात हे त्यांना जसं पटतं, तसं माझ्या सांगण्याने कधी पटलेलं नाही.

आणि तिचं समीकरण जसंच्या तसं खरं असतं, अशाही जागा आहेत. तोच ठोकळा घर्षण नसलेल्या उतारावर आडव्या दोरीने धरून ठेवा. दोरी आडवी आहे, म्हणजे तिचा उभ्या दिशेला काहीच हातभार नाही. ठोकळा स्थिर आहे. तेव्हा लंब प्रतिक्रियेचा उभा घटक वजनाइतका असायलाच हवा. लंब प्रतिक्रिया 11.55, दोरीतला ताण 5.77. दुसरी जागा घाटाच्या वळणाची. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवलेली असते. घर्षण बाजूला ठेवून विचार केला तर ठरावीक वेगाने वळणारी गाडी उतारावरून खाली घसरत नाही की वर चढत नाही, ती आडव्या वर्तुळात फिरते. तिथे समतोलाची दिशा उभी असते, आणि बारावीत आपण फळ्यावर लिहितो ते तिचंच समीकरण. आज काट मारून पुढे आपणच ते लिहिलं, तर ‘कधी काय लिहायचं ते सरांनाच माहीत’ असं त्या मुलीच्या मनात बसेल. मला या विषयात सगळ्यात जास्त भीती याच समजाची वाटते. तो एकदा बसला की मूल विचार करायचं सोडतं आणि नमुने पाठ करू लागतं.

आता शिकवण्याकडे येते. यातलं काय कधी घ्यायचं हे इयत्तेवर आणि मुलांच्या तयारीवर अवलंबून आहे. आपल्या अभ्यासक्रमात नववीला गतीचे नियम पहिल्याच धड्यात येतात, आणि पुढे कार्य शिकवताना बलाचा कॉस थीटाही डोकावतो. पण भूमितीतली त्रिकोणमिती वर्गात पोचेपर्यंत दुसरं सत्र उजाडतं. म्हणून नववीला मी साइन-कॉस काढतच नाही. पट्टी, कोनमापक आणि प्रमाणात काढलेली आकृती, एवढ्यावर भागवते. 1 सेंटीमीटरला 1 न्यूटन धरायचा, बाण काढायचा, त्याच्या टोकापासून लंब टाकायचा आणि घटकाची लांबी मोजायची. उत्तर दहाव्या हिश्शाने इकडेतिकडे होतं, होऊ दे. अकरावीत वेगळीच अडचण असते. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं येतात आणि पुस्तक इंग्रजी होतं. पहिला महिनाभर मी फळ्याच्या कडेला दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहून ठेवते. विषय कळलेला असूनही केवळ शब्द अनोळखी म्हणून गप्प बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

इयत्ता कुठलीही असो, पहिला तास वर्गाबाहेरचा. आमच्याकडे रापण ओढताना बहुतेक मुलांनी पाहिलेली असते, काहींनी ओढलेलीही असते. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडलेलं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि माणसांच्या दोन रांगा त्या ओढत हळूहळू एकमेकांकडे सरकत येतात. मैदानात आम्ही याची छोटी नक्कल करतो. अर्धवट वाळू भरलेलं पोतं, त्याला दोन दोऱ्या, प्रत्येक दोरीत एक तानकाटा, म्हणजे ओढ मोजणारा स्प्रिंगचा काटा. आधी एकाच दोरीने पोतं सावकाश, एकसारख्या वेगाने ओढायचं. समजा काटा 20 न्यूटन दाखवतो. मग दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून ओढायचं, प्रत्येकी साधारण 10. मग दोघं एकमेकांपासून लांब होत जातात. दोऱ्यांमधला कोन 60 अंशांचा झाला की प्रत्येकी साडेअकरा. 120 अंशांचा झाला की प्रत्येकी 20! एकट्याने ओढताना जेवढं बल लागत होतं तेवढंच आता दोघांनाही लागतं, आणि पोतं मात्र तेवढंच सरकतं. मुलं दरवेळी काटा पुन्हा तपासून बघतात. वाळू कुठे घट्ट, कुठे भुसभुशीत असते, त्यामुळे आकडे थोडे हलतात. तेही त्यांना आधी सांगून ठेवावं.

इथेच ‘मग ते बल गेलं कुठे?’ हा प्रश्न येतो, आणि पुष्कळ पुस्तकी उत्तरांत ‘वाया गेलं’ असा शब्द असतो. तो मी वापरत नाही. आडवे दोन घटक एकमेकांना तोलून धरतात. रापणीत तर त्यांना कामही आहे: जाळ्याचं तोंड उघडं राहतं ते त्यांच्यामुळे. रांगा जवळ आल्या की हे आडवे घटक कमी होतात, तोंड मिटत जातं आणि ओढ बहुतेक सगळी किनाऱ्याकडे लागते. मासे ओढणाऱ्यांच्या घरातलं मूल हे ऐकून जी मान डोलावतं, ती बघण्यासारखी असते.

लंब दिशेचा विचार न केल्याने काय होतं, हे मी स्वतः एकदा महागात शिकले आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, पावसाळ्यात, शाळेच्या पडवीत ओल्या सतरंज्या वाळत घालायच्या होत्या. दोरी लोंबू नये म्हणून मी ती मुलांकडून होईल तितकी ताणून बांधून घेतली. दुसरी सतरंजी टाकली आणि भिंतीतला आकडा गिलाव्यासकट निघून आला. एका मुलाच्या कानाजवळून गेला तो. शिपाईमामा शांतपणे म्हणाले, ‘बाईनू, दोरयेक वायच ढील होयी.’ त्या रात्री मी आकडेमोड केली. ओल्या सतरंजीचं वजन 40 न्यूटन धरू, दोरीच्या मध्यावर. दोरी आडव्या रेषेपासून 30 अंश खाली झुकलेली असेल तर दोन्ही बाजूंचा ताण प्रत्येकी 40. 10 अंशच झुकली असेल तर 115. 5 अंश असेल तर 229. वजन तेवढंच, पण ते पेलायला दोरीकडे उभा घटक फक्त साइन थीटाचा, आणि दोरी सरळ होत जाते तसा तो घटक नाहीसा होत जातो. पूर्ण आडव्या दोरीवर काहीच टांगता येणार नाही, कितीही ताणली तरी. तेव्हापासून हे उदाहरण मी कधी चुकवलेलं नाही. वर्गात ते सुतळी, मध्ये अर्धा किलोचं वजन आणि दोन टोकांना दोन तानकाटे एवढ्यात होतं. मुलांना दोन्ही टोकं हळूहळू लांब न्यायला सांगा आणि ‘सुतळी अगदी सरळ करून दाखवा’ म्हणा. हात थरथरायला लागतात, पण सुतळी सरळ होत नाही.

हे झाल्यावरच मी फळ्यावर घटक काढते, आणि तिथे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. घटक मूळ बलाच्या ऐवजी असतात, मूळ बलाच्या सोबत नसतात. मुलांच्या आकृत्या तपासा, तुम्हाला दिसेल: वजनाचा बाण आहे, त्याचे दोन घटकही आहेत आणि समीकरणात तिन्ही मोजलेत. शंभराची नोट मोडून दोन पन्नासच्या घेतल्या तर खिशात दोनशे रुपये होत नाहीत. मी नियमच केला आहे की घटक तुटक रेषेने काढायचे आणि काढल्या क्षणी मूळ बाणावर नागमोडी रेघ मारायची. वहीत नागमोडी रेघ नसेल तर गुण कापते. हा कडकपणा वाटेल, पण या एका सवयीने जेवढ्या चुका कमी झाल्या तेवढ्या दुसऱ्या कशानेही झाल्या नाहीत.

त्याच्याही आधीची सवय: कुठल्या वस्तूचा हिशोब मांडतोय ते नाव आकृतीखाली लिहायचं. ‘पोतं’, ‘सुतळीची मधली गाठ’, ‘ठोकळा’. मग त्या वस्तूला कोण कोण स्पर्श करतंय ते मोजायचं. प्रत्येक स्पर्शाचं एक बल, घर्षण असेल तर तेही, शिवाय पृथ्वीचं एक. आघूर्णाची, म्हणजे बल वस्तूला फिरवू पाहतं त्याची, बाजू यात येत नाही, ती मी मुद्दाम पुढे ढकलते. घरच्या झोपाळ्याच्या एका टोकाला बसलं की त्या बाजूच्या कड्यांवर जास्त भार येतो, तो विषय पुढच्या आठवड्याचा. तोवर सगळ्या वस्तू ठिपक्याएवढ्या मानायच्या.

होडीच्या नांगराचं उदाहरण मला एका विद्यार्थ्याने दिलं. घरी होडी होती त्याच्या. मी वर्गात म्हणाले की दोरी जितकी लांब तितका नांगर सैल राहील, नाही का? तो पटकन म्हणाला, ‘बाई, दोरी आखूड दिल्यार नांगर उपटतलो!’ त्याचं बरोबर होतं आणि त्याचं कारण विभाजनात आहे. पाणी 5 मीटर खोल, दोरी 10 मीटर सोडली आणि ती ताणली गेली, तर दोरी तळाशी 30 अंशांचा कोन करते. होडीने 200 न्यूटनने ओढलं तर नांगरावर वरच्या दिशेने 100 न्यूटन येतात. दोरी 30 मीटर सोडा. वरचा घटक 33 वर येतो आणि आडवा 197 होतो. आडव्या ओढीने नांगराचे दात वाळूत आणखी रुततात, वरच्या ओढीने सुटतात. म्हणून वारा वाढला की दोरी जास्त सोडतात, आणि नांगर काढायचा असला की होडी त्याच्या थेट वर आणून सरळ वर ओढतात. एकाच दोरीचे दोन घटक, एक रोवणारा आणि एक उपटणारा. पाण्यात दोरीला थोडा झोळ असतो, त्यामुळे आकडे अगदी असेच नसतात, पण झुकाव याच बाजूला असतो. आता मी हे उदाहरण शिकवत नाही, प्रश्न म्हणून टाकते आणि होडीवाल्या घरातल्या मुलांना सांगू देते. जी मुलं गणितात मागे म्हणून गप्प असतात, त्यांना या तासाला सगळा वर्ग ऐकतो.

साइन-कॉसचा गोंधळ. ‘आडव्याला कॉस, उभ्याला साइन’ हे घोकलेलं सूत्र मोडल्याशिवाय तो सुटत नाही, कारण उतारावर ते उलटं पडतं. मी दोन गोष्टी करते. पहिली, गवंड्याचा ओळंबा. फळीच्या कडेवर पुठ्ठ्याचा एक बाण चिकटवायचा, फळीला बरोबर लंब, खाली तोंड करून. त्या बाणाच्या मुळाशी ओळंबा टांगायचा. फळी सपाट असताना दोरा आणि बाण एकावर एक. फळीचं एक टोक उचला. बाण फळीबरोबर फिरतो, ओळंबा जागचा हलत नाही. फळी जेवढे अंश उचलली तेवढेच अंश दोघांमध्ये फट पडते. वजन आणि लंब दिशा यांच्यातला कोन उताराच्या कोनाइतकाच का, हे सिद्ध करायला समरूप त्रिकोणांची भूमिती आहेच, पण ती नंतर कळते. डोळ्यांना आधी दिसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे टोकाला जाऊन बघायची सवय. सूत्र लिहिलंस? आता कोन शून्य कर. फळी सपाट झाली, ठोकळा घसरायला काही कारण आहे का? नाही. मग घसरवणारा घटक शून्य यायला हवा. शून्य अंशाचा साइन शून्य, कॉस एक. म्हणजे तिथे साइनच. फळी उभी कर, 90 अंश. आता ती ठोकळ्याला काहीच आधार देत नाही, म्हणून लंब प्रतिक्रिया शून्य, म्हणजे तिथे कॉस. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि परीक्षेच्या गडबडीत पाठांतर दगा देतं तेव्हा हीच उपयोगी पडते.

प्रयोगशाळेत बलांच्या समांतरभुज चौकोनाचा नियम तपासायला जो उभा फळा असतो, दोन कप्प्या आणि तीन वजनांचा, त्याबद्दल एक किनाऱ्यावरची सूचना. खाऱ्या हवेत कप्प्यांचे आस गंजतात. गंजलेल्या कप्पीवर वजनं चुकीच्या जागीही ‘स्थिर’ राहतात, मुलं त्या जागेवर खुणा करतात, समांतरभुज चौकोन जुळत नाही, आणि ती नियमावरच शंका घेतात. सत्राच्या सुरुवातीला कप्प्यांना शिवणयंत्राचं तेल घाला. खोबरेल नको, थंडीत थिजतं. खुणा करण्याआधी मधली गाठ दोन्ही बाजूंना हलकेच ढळवून सोडायला सांगा. दोन्हीकडून ती एकाच जागी परत आली तर ती जागा समतोलाची.

एखादं चौकस मूल विचारतं की साइन-कॉस नसते तर हे कुणाला सुचलं असतं का. त्याला सिमोन स्टेव्हिनची माळ दाखवावी. हा आजच्या बेल्जियममधल्या ब्रुज शहराचा गणिती, त्याने 1586 साली उताराचा नियम असा मांडला. एका त्रिकोणी पाचरीची एक बाजू दुसरीच्या दुप्पट लांब, तळ आडवा. तिच्यावरून सारख्या मण्यांची बंद माळ टाकली: लांब बाजूवर चार मणी, आखूड बाजूवर दोन, उरलेले खाली लोंबते. माळ आपोआप फिरू लागली तर फिरतच राहील, कारण एक मणी सरकला की चित्र पुन्हा तेच. असं कायम फुकट फिरणं शक्य नाही, म्हणून माळ स्थिर. खालचा लोंबता भाग दोन्हीकडे सारखाच ओढतो, तो कापून टाका. वर काय उरलं? चार मणी दोन मण्यांना तोलतात. म्हणजे उंची तीच ठेवून उतार दुप्पट लांब केला की मण्यामागची ओढ निम्मी. उंची भागिले लांबी, आणि पुढे आपण त्यालाच साइन म्हणतो. ही माळ मी मोठ्या लाकडी मण्यांची करून ठेवली आहे. प्रत्यक्षात मणी घासतात, त्यामुळे ती पुरावा म्हणून नको, विचाराला आधार म्हणून ठेवावी.

हेच गुणोत्तर घेऊन मग रेल्वेकडे जाता येतं. बोरघाटात चढ 37 ला 1, म्हणजे 1000 टनांच्या गाडीला नुसतं उतारावर धरून ठेवायला 27 टनांच्या वजनाएवढं बल हवं, आणि म्हणून घाटात गाडीला जादा इंजिनं जोडतात. कोकण रेल्वेवर बोगदे आणि पूल बांधून चढ 150 ला 1 इतका सौम्य ठेवला आहे, तिथे तेच बल पावणेसात टनांच्या आसपास येतं. गावावरून जाणारी गाडी आणि वहीतला साइन थीटा एकाच ओळीत लिहिता येतात, याचं मुलांना अप्रूप वाटतं आणि मलाही.

माझा क्रम थोडक्यात असा पडतो. एक तास मैदानावर पोतं आणि दोऱ्या, एक सुतळी आणि तानकाटे, दोन तास प्रमाणात आकृत्या आणि नागमोडी रेघ, एक ओळंब्याचा, आणि मग दोन तास उतार, त्यातला एक दोन्ही वाटांनी सोडवायचा. वेळ कमी असेल तर माळ आणि रेल्वे वगळा, पोतं वगळू नका. तास फारच कमी असतील तर सोडवायच्या उदाहरणांची संख्या कमी करा.

राहिली तुमची विद्यार्थिनी. तिच्याशी एकटीशी बोलू नका, वर्गासमोरच तो प्रश्न पुन्हा घ्या, कारण काटही वर्गाला माहीत झालेली असणार. 100 सेंटीमीटरची फळी घ्या, एक टोक 50 सेंटीमीटर उंच करा, म्हणजे 30 अंश होतात. चाकांना तेल घातलेली छोटी गाडी, भरून 1 किलोची, वजन जवळजवळ 10 न्यूटन. तानकाटा ग्रॅमचा असेल तर 100 ग्रॅमला 1 न्यूटन धरा. आधी दोरी फळीला समांतर धरून गाडी थांबवा, काटा 5 च्या आसपास येईल. मग तीच गाडी आडव्या दोरीने धरायला तिलाच सांगा. दोरी आडवी आहे ना, हे ओळंब्याला गुण्या (गवंड्या-सुताराचा काटकोन) लावून तपासा. काटा वाचण्याआधी तिने आपलं खोडलेलं समीकरण फळ्यावर लिहावं, त्यातून लंब प्रतिक्रिया काढावी, तिचा आडवा घटक काढावा. 5.8 येईल. मग काटा वाचायचा, आणि तो आकडा तिलाच समीकरणाशेजारी लिहू द्यायचा.